वेष्टनावर नसलेले वर्ष

जुन्या पुएर चहाच्या, म्हणजे दाबून वर्षानुवर्षे मुरवलेल्या चिनी चहाच्या, चकतीवर ती कधी तयार झाली हे बहुधा लिहिलेले नसते. या छंदात नव्याने शिरलेल्या माणसाचा पहिला प्रश्न वर्षाचाच असतो, विक्रेत्याचे पहिले उत्तरही वर्षाचेच असते आणि त्या उत्तरावर किमतीत दहापट फरक पडू शकतो. मात्र चकती ज्या कागदात गुंडाळलेली असते, त्या कागदाला यातले काहीच ठाऊक नसते. चीनच्या युन्नान प्रांतातील सरकारी कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या चकत्या दाबून तयार केल्या, त्यांची वेष्टने जवळपास एकसारखी आहेत. पातळ, खरबरीत कागद. मध्यभागी चहा या अर्थाचे एक चिनी अक्षर आणि त्याला वेढून वर्तुळात आठ वेळा छापलेले, चीन या अर्थाचे ‘चुंग’ हे अक्षर. एका कडेला युन्नानच्या ‘सात पुत्रांची चकती’ हे नाव आणि दुसऱ्या कडेला निर्यात करणाऱ्या सरकारी कंपनीचे. तारीख कुठेच नाही. उत्पादनाची तारीख वेष्टनावर छापण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली ती या शतकात.

मग संग्राहक ज्यांवरून तासन् तास वाद घालतात ते आकडे येतात कोठून? त्यांतला सर्वांत प्रसिद्ध आकडा ७५४२ हा आहे. यातले पहिले दोन अंक पानांच्या मिश्रणाची कृती कोणत्या वर्षी ठरली ते सांगतात, तिसरा अंक पानांची सरासरी प्रत सांगतो आणि शेवटचा अंक कारखाना: १ म्हणजे कुनमिंग, २ म्हणजे मेंगहाई, ३ म्हणजे शियागुआन. म्हणजे ७५४२ ही १९७५ साली ठरलेली, मेंगहाई कारखान्याची कृती झाली. ती आजही बनते. गेल्या वर्षी दाबलेली ७५४२ ची चकती आणि माझ्यापेक्षा थोडीच लहान असलेली ७५४२ ची चकती यांचा आकडा एकच आहे, आणि ‘हा पंच्याहत्तर सालचा चहा’ असे ठोकून देणारा विक्रेता अजूनही भेटतो. खरी तारीख जर कुठे असलीच, तर ती मोठ्या टोपलीत घातलेल्या एका कागदावर असे. सात चकत्यांचा एक थोंग, बांबूच्या वाळलेल्या सालपटात बांधलेला. अशा बारा थोंगांची एक टोपली, म्हणजे चौऱ्याऐंशी चकत्या, सुमारे तीस किलो वजन. त्या टोपलीला एकच कागद, आणि त्यावर कृतीच्या आकड्यापुढे तीन अंकी तुकडी-क्रमांक, ज्यातला पहिला अंक हा वर्षाचा शेवटचा अंक. ५ असेल तर १९८५ की १९९५, हे तुम्ही ठरवायचे. टोपली एकदा फुटली की तो कागद एका माणसाकडे जातो आणि चकत्या चौऱ्याऐंशी दिशांना.

व्यापारात रूढ झालेली नावे तर आणखी गमतीची आहेत. ‘त्र्याहत्तरची हिरवी चकती’ म्हणून जी ओळखली जाते ती १९७३ ची नव्हे, ऐंशीच्या दशकातली आहे, हे आता बहुतेक जाणकार मान्य करतात. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. ‘अठ्ठ्याऐंशीची हिरवी’ ही त्याहून प्रसिद्ध. हाँगकाँगचे चहाव्यापारी चान क्वोक-यी यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ७५४२ चा मोठा साठा विकत घेतला, कोरड्या जागी ठेवला आणि पुढे त्याला हे नाव दिले. तो चहा १९८९ ते १९९२ या काळातला. आठ हा आकडा चिनी माणसाला भरभराटीचा वाटतो म्हणून ८८. त्या नावात वर्ष शोधणे व्यर्थ आहे. तरीही या चहाची कीर्ती खोटी नाही. किंबहुना ती ज्या कारणासाठी खरी आहे, तेच मला या लेखात सांगायचे आहे: लोक जो चहा ‘अठ्ठ्याऐंशीची हिरवी’ म्हणून लाखो रुपये मोजून घेतात, तो त्या काळी इतर अनेकांनीही विकत घेतलेला सर्वसाधारण ७५४२ होता. फरक पडला तो तो कुठे ठेवला गेला यामुळे. जुना पुएर विकत घेणारा माणूस खरे तर एक कोठार विकत घेत असतो. त्या कोठाराची हवा, त्याचा पाऊस, त्याच्या मालकाचा धीर किंवा घाई. पान आणि वर्ष या दोन गोष्टी त्यानंतर येतात.

हे नीट समजण्यासाठी मुळात हा चहा मुरतो कसा ते पाहावे लागते. दक्षिण युन्नानमध्ये शीशुआंगबान्ना, लिन्त्सांग आणि आज पुएर म्हणून ओळखला जाणारा, २००७ पर्यंत सिमाओ नाव असलेला जिल्हा हे याचे तीन मुख्य प्रदेश. झाड मोठ्या पानांचे. आसामच्या मळ्यांत जी जात वाढते आणि जिची बारीक गोळीदार भुकटी आपण दुधात उकळतो, तीच ही जात. फरक पुढच्या प्रक्रियेत आहे. खुडलेली पाने मोठ्या कढईत परततात, पण बेताच्या उष्णतेवर. मग हाताने किंवा यंत्राने वळतात आणि उन्हात वाळवतात. हिरव्या चहासाठी पाने अधिक कडक भाजून त्यातली सगळी हालचाल थांबवतात, पुएरच्या पानात मात्र थोडी विकरे शिल्लक राहतात, आणि उन्हात वाळल्यामुळे त्यावर सूक्ष्मजीवही टिकतात. ही पाने वाफेवर क्षणभर मऊ करून, कापडी पिशवीत घालून, दगडाखाली किंवा यंत्राने दाबली की ३५७ ग्रॅमची चकती तयार होते. या कच्च्या चकतीला शेंग म्हणतात. ती पहिल्या दिवसापासून पिता येते, पण तिचा कडूपणा आणि तुरटपणा अंगावर येतो. पुढे हवेतला दमटपणा, उष्णता आणि प्राणवायू यांच्या संगतीने पानातली कॅटेचिने नावाची तुरट द्रव्ये हळूहळू बदलून गडद रंगाची, जड रेणूंची द्रव्ये तयार होतात. अर्क पिवळ्याहिरव्याचा तांबूस होतो, तांबूसचा गर्द तपकिरी. कडूपणा ओसरतो, पण जिभेखाली एक गोडवा उरतो.

दुसरा प्रकार शौ, म्हणजे पिकवलेला. १९७३ साली कुनमिंगच्या कारखान्यात ही पद्धत बसवली गेली: वाळलेल्या पानांचा मोठा ढीग करून त्यावर पाणी शिंपडायचे, वर आच्छादन घालायचे, आत तापणारा ढीग अधूनमधून उलथायचा आणि दीड-दोन महिन्यांत वर्षांचे काम उरकून घ्यायचे. शौ स्वस्त असतो, पोटाला सौम्य असतो आणि रोजच्या पिण्याला उत्तम. जुन्या शौविषयी मला फारसे सांगण्यासारखे नाही. त्यातला ढिगाचा वास काही वर्षांत निघून गेला की तो जसा होतो तसाच बराच काळ राहतो.

पण ही पद्धत शोधावी का लागली, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर युन्नानमध्ये नव्हे, हाँगकाँगमध्ये आहे. तिथल्या चहागृहांत सकाळी वाफवलेल्या खाद्यपदार्थांबरोबर लोक जो काळसर, गुळगुळीत चहा पितात तो पुएर; कँटोनी भाषेत बोलेई. अनेकदा त्यात शेवंतीची वाळलेली फुले घालतात. तेलकट खाण्यावर उतारा म्हणून मागवलेला, किटलीवर किटली फुकट पाणी भरून मिळणारा हा चहा होता. त्यात प्रतिष्ठेचे काही नव्हते. गिऱ्हाइकाला गडद आणि मऊ चहा हवा, युन्नानहून येणारा माल मात्र कोवळा आणि कडू. तेव्हा व्यापाऱ्यांनी तो तळघरांत, डोंगरउतारावरच्या दमट गोदामांत, समुद्राच्या हवेत ठेवायला सुरुवात केली. हाँगकाँगची वर्षभराची सरासरी आर्द्रताच ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. तळघरात ती त्याहून वर जाते. काही वर्षे तिथे काढली की माल वरच्या, हवेशीर मजल्यावर न्यायचा आणि साचलेला वास उडेपर्यंत ठेवायचा. आज ज्याला ‘पारंपरिक साठवण’ असे भारदस्त नाव आहे ती मुळात दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी काढलेली युक्ती होती. शौ हा त्याच युक्तीचा कारखान्यातला अवतार.

म्हणून पुएरविषयी सांगितल्या जाणाऱ्या ‘जुना तितका सुगंधी’ या घोषवाक्याकडे मी जरा संशयाने पाहतो. ही कल्पना जनमानसात रुजली ती फार अलीकडे, तैवानच्या संग्राहकांमुळे. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत हाँगकाँगची जुनी चहागृहे बंद होऊ लागली, १९९७ च्या हस्तांतरणाआधी अनेक कुटुंबे परदेशी निघाली आणि गोदामांतून असा चहा बाहेर आला, जो कुणी मुद्दाम जपलाही नव्हता; तो नुसता उरला होता. त्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या खासगी पेढ्यांच्या चकत्या होत्या, पन्नासच्या दशकातला ‘लाल शिक्का’ नावाचा प्रसिद्ध चहा होता. तैवानच्या लोकांनी तो चाखला, त्यावर लिहिले, त्याला श्रेणी लावल्या. आज तो लाल शिक्का लिलावांतच भेटतो आणि मी तो चाखलेला नाही. चाखायला मिळेल अशी आशाही बाळगत नाही.

नोकरीच्या निमित्ताने हाँगकाँगला राहत असताना मी ज्या दुकानात हे सगळे शिकलो ते शेउंग वान भागातल्या एका चिंचोळ्या चढाच्या रस्त्यावर होते. शेजारी वाळवलेले मासे, शिंपले आणि औषधी मुळ्या विकणारी दुकाने, त्यामुळे चहाच्या दुकानाला हे शेजार घातकच. पण मालक वरच्या मजल्यावर माल ठेवत आणि खाली फक्त नमुने. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे मोजके, इंग्रजी कामापुरते. मी एका चकतीकडे बोट दाखवून वर्ष विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, ‘तुम्हाला कोणते हवे आहे?’ ते चेष्टा करत होते की नाही हे मला त्या वेळी कळले नाही. नंतर त्यांनी दोन गायवान पुढे ओढले. गायवान म्हणजे झाकणाचा चिनी मातीचा वाडगा. दोन्हींत एकाच तुकडीचा चहा घातला: एक हाँगकाँगला तळघरात राहिलेला, दुसरा कुनमिंगहून अलीकडे आणलेला. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर आहे, हवा कोरडी आणि थंड. एकाच कारखान्यात, एकाच हंगामात दाबलेली ही दोन भावंडे होती. कुनमिंगच्या अर्काचा रंग अजून फिका सोनेरी, सुगंध उंच आणि टोकदार, कडूपणा ठणठणीत. हाँगकाँगचा अर्क तांबडा, जड, जिभेवर पसरणारा, आणि त्यात ओल्या लाकडाचा वास. वयाने दोन्ही सारखे. चवीने त्यांच्यात निदान पंधरा वर्षांचे अंतर असावे असे कुणीही शपथेवर सांगितले असते.

तेव्हापासून मी वर्ष शेवटी विचारतो. आधी चकती हातात घेऊन पाहतो. वेष्टनावर चहाचे तेलकट डाग आहेत का, किड्यांनी पाडलेली छिद्रे आहेत का हे सगळे पाहतो खरे, पण त्यावर विश्वास ठेवत नाही, कारण कागद जुना दिसावा यासाठी लागणारी सगळी विद्या बाजारात उपलब्ध आहे. चकतीच्या आत, पानांत रुतवलेली कारखान्याची छोटी चिठ्ठी असते, नेइ फेइ. ती दाबतानाच आत बसते, त्यामुळे नंतर घुसवलेली असेल तर तिच्याभोवतीची पाने मोडलेली दिसतात. तिच्यावरच्या अक्षरांची जाडी, शाईची छटा, कागदाचा धागा यांवरून जाणकार दशक ठरवतात. हा अभ्यास मला आवडतो, पण तो नाणी किंवा टपाल तिकिटे जमवणाऱ्याचा अभ्यास आहे. चिठ्ठी खरी असून चहा वाया गेलेला असू शकतो. मागच्या बाजूला मध्यभागी जो खळगा असतो तिथली पाने मी नेहमी नाकाजवळ नेतो. कडेची पाने हवेशी बोललेली असतात, खळग्यातली पाने आतली गोष्ट सांगतात. पांढुरकी साय दिसली तर घाबरत नाही, ती जुन्या दमट साठवणीची खूण असते आणि अनेकदा ब्रशने निघते. पिवळी किंवा हिरवी बुरशी दिसली तर चकती परत ठेवतो, किंमत कितीही उतरवली तरी. आणि शक्य असेल तिथे आधी पंचवीस ग्रॅमचा नमुना मागतो. नमुना द्यायला खळखळ करणाऱ्या दुकानात मी दुसऱ्यांदा जात नाही.

खोट्या मालाचे म्हणाल तर त्याचे दोन प्रकार मला जास्त भेटले. पहिला म्हणजे तरुण शेंगला काही महिने मुद्दाम ओलाव्यात कोंडून गडद केलेला. त्याचा रंग म्हातारा आणि घसा तरुण. पहिल्या दोन पेल्यांत मातीचा वास आणि तिसऱ्यापासून तोच कच्चा तुरटपणा. दुसरा म्हणजे शेंगच्या नावाने विकला जाणारा, शौ मिसळलेला चहा. त्याचा निकाल शेवटी लागतो, पिऊन झाल्यावर. भिजलेली पाने पांढऱ्या थाळीत पसरावीत. नीट मुरलेल्या शेंगचे पान तपकिरी असते, पण बोटांत धरून ताणले तर लवचिक राहते आणि उलगडते. शौचे पान, किंवा ओलाव्यात मारलेले पान, काळे, कडक आणि चुरगळणारे असते. ही परीक्षा कोणतीही चिठ्ठी चुकवू शकत नाही.

आता चवीविषयी. नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या, हाँगकाँगमध्ये बऱ्यापैकी कोरड्या जागी राहिलेल्या ७५४२ चे उदाहरण घेतो, कारण तो चहा मी सर्वांत जास्त प्यायलो आहे. शंभर मिलिलिटरच्या गायवानात सात ग्रॅम. चकती फोडण्यासाठी बोथट टोकाची सुई वापरतात आणि ती कडेने, थरांच्या दिशेने आत सरकवतात, म्हणजे पाने तुटत नाहीत. जोर लावला तर सुई पानात न जाता तळहातात जाते. पाणी पूर्ण उकळते. पहिले पाणी काही सेकंदांत ओतून टाकायचे, पाने जागी करण्यासाठी आणि धूळ घालवण्यासाठी. हा टाकून देण्याचा चहा असला तरी मला सर्वांत जास्त माहिती तोच देतो, कारण तो ओतल्यावर गरम झाकण उलटे करून हुंगले की कोठार बोलायला लागते. तळघरात राहिलेल्या चहाला पावसाळाभर बंद असलेल्या कोकणातल्या घराचा माळा उघडल्यावर येतो तसा वास असतो. तो मला वाईट वाटत नाही. पण तो निघून जातो की ठाण मांडून बसतो, यावर त्या चहाची किंमत ठरते. चांगल्या साठवणीत तो तिसऱ्या-चौथ्या पाण्यापर्यंत विरतो आणि त्याच्याखालून कापूर, जुने लाकूड, किंचित खारकेची गोडी असे काही वर येऊ लागते. वाईट साठवणीत दहावे पाणीही तसेच कुबट लागते, आणि मग तो चहा कितीही जुना असो, तुम्ही चहा पीत नसून ओल पीत असता.

दुसऱ्या पाण्यापासून खरा हिशेब सुरू होतो. पाच-सात सेकंदांत ओतलेला अर्क काचेच्या भांड्यात धरून उजेडाकडे करावा. त्याला पारदर्शक चमक हवी. गढूळपणा असेल तर कोठारात काहीतरी बिनसले आहे. घोट घेतल्यावर मी चवीची नावे शोधायच्या भानगडीत पडत नाही. ज्या वर्णनांत आलुबुखार, चामडे, तंबाखू, पावसाने भिजलेली वनभूमी असे दहा पदार्थ एका ओळीत येतात, त्या वर्णनांनी मला एकही चहा ओळखायला शिकवलेले नाही. मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, अर्काला अंग आहे का. म्हणजे तोंडात त्याची जाडी जाणवते की नुसते रंगीत पाणी वाटते. दुसरी, कडूपणाचे पुढे काय होते. जुन्या शेंगमध्ये कडूपणा असायलाच हवा, अगदी मागे सरलेला का असेना. तो घोट गिळल्यावर काही क्षणांत वितळून घशातून गोडवा परत यायला हवा, ज्याला चिनी रसिक हुई गान म्हणतात. कडूपणाच नसेल तर गोडवाही पोरका असतो. आणि तिसरी, गिळल्यानंतर काय उरते. चांगला चहा पेला खाली ठेवल्यावर सुरू होतो. गालांच्या आतल्या बाजूला पाणी सुटते, घसा मोकळा वाटतो आणि बराच वेळ तसाच राहतो. माझा ७५४२ सहाव्या-सातव्या पाण्याच्या सुमारास सर्वांत जवळ येतो. तोवर कोठाराचे बोलणे संपलेले असते आणि पानाचे सुरू झालेले असते. पंधराव्या पाण्याला फक्त गोड, फिकट तांबूस पाणी उरते. काही लोक नंतर तीच पाने भांड्यात मंद आचेवर उकळतात. मीही उकळतो.

चहाची ‘ची’, म्हणजे अंगात उतरणारी शक्ती, यावर संग्राहकांत श्रद्धाळू आणि नास्तिक असे दोन पंथ आहेत. पाठीवर ऊब पसरणे, कपाळावर घाम येणे, डोके हलके होणे हे अनुभव मलाही आले आहेत. पण सात ग्रॅम पानांचे पंधरा वेळा काढलेले पाणी रिकाम्या पोटी घेतल्यावर कॅफिनचा आणि गरम पाण्याचा परिणाम होणारच, असे माझ्यातला नास्तिक म्हणतो. त्याच्या पुढे जायची मला गरज वाटलेली नाही.

पैशांविषयी लिहायला मला कंटाळा येतो, पण टाळून चालणार नाही. २००७ च्या वसंतापर्यंत पुएरचे भाव चढत गेले, ज्यांनी आयुष्यात चहाची चकती फोडली नव्हती असे लोक टोपल्या घेऊन ठेवू लागले, आणि त्या वर्षाच्या मध्यावर सगळे कोसळले. आज ग्वांगझौ शहरातल्या फांगत्सुन या प्रचंड घाऊक बाजारात मेंगहाई कारखान्याच्या ‘दायी’ छापाच्या चहाचे भाव समभागांसारखे रोज फिरतात. तिथे न उघडलेल्या खोक्याला सुट्या चकत्यांपेक्षा जास्त किंमत येते, म्हणजे चहा जितका अस्पर्श तितका महाग. दुसरीकडे लाओ बानझांगसारख्या एखाद्या गावाच्या जुन्या झाडांच्या पानाला असा भाव येतो की त्या गावाच्या नावाने विकला जाणारा सगळा चहा तिथे पिकणे अशक्य व्हावे. २०२३ साली युन्नानमधल्या जिंगमाई डोंगरावरची जुनी चहावने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. बुलांग आणि दाई लोकांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलेल्या त्या झाडांना तो मान उचितच आहे, पण त्याने नव्या चकत्यांचे भाव खाली येतील अशी अपेक्षा कुणी करू नये. माझ्यासारख्याने जुन्या चहाच्या मागे लागायचे तर ज्याला प्रसिद्ध नाव नाही, पण ज्याचे कोठार चांगले आहे, असा चहा शोधावा. शियागुआनचे वाटीच्या आकाराचे शंभर ग्रॅमचे गोळे, थुओछा, यात अजूनही परवडतात. ते इतके घट्ट दाबलेले असतात की हळू मुरतात आणि त्यामुळे वाईट गोदामातही आतला भाग पुष्कळदा वाचतो. फोडताना हातांची परीक्षा होते, एवढाच त्यांचा दोष.

मुंबईला परत आल्यावर कोठार ही गोष्ट माझ्यापुरती ऐकीव राहिली नाही. कोरड्या देशांतले संग्राहक वीज न जोडलेल्या जुन्या शीतकपाटात चकत्या ठेवतात आणि आर्द्रता पासष्ट ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान राखणाऱ्या पुड्या आत टाकतात. मुंबईत तशी गरज नाही. उलट जून ते सप्टेंबर या काळात चहाला हवेपासून वाचवावे लागते. मी चकत्या न झिलावलेल्या मातीच्या रांजणात, सुती कापडाचे झाकण बांधून, स्वयंपाकघरापासून सर्वांत लांबच्या खोलीत ठेवतो. फोडणीचा वास हा पुएरचा बुरशीइतकाच मोठा शत्रू आहे, कारण पान वास पकडते आणि सोडत नाही. जुलैत आर्द्रतामापकाचा काटा पंच्याऐंशीच्या वर गेला की रांजण उघडून चकत्या प्लास्टिकच्या हवाबंद पेट्यांत हलवतो आणि गणपतीनंतर परत रांजणात.

माझ्या या चकत्या ज्या खोक्यातून आल्या, त्याच खोक्यातल्या काही चकत्या पुण्याला बहिणीकडे आहेत. एप्रिलच्या दुपारी तिथली हवा वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत कोरडी होते आणि चहा जवळपास झोपतो. दर दिवाळीत आम्ही दोन्ही घरच्या चकत्यांचा नमुना शेजारी शेजारी काढतो. पुण्याच्या चहाचा सुगंध अधिक स्वच्छ आहे, त्यात अजून फुलांचा अंश आहे, पण कडूपणा जागचा हललेला नाही; मुंबईचा अर्क एव्हाना केशरीकडून तांबड्याकडे झुकला आहे, घशाला मऊ आहे, मात्र वरचा सुगंध थोडा मावळला आहे आणि पहिल्या पाण्याला समुद्राच्या हवेची एक पुसट ओल येते. बहीण पुण्याच्या बाजूने आहे, मी अजून ठरवलेले नाही. हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांचा क्रम आधी दमट आणि मग कोरडा असा होता. येत्या पावसाळ्याआधी मुंबईतल्या काही चकत्या मी त्याच क्रमाने पुण्याला पाठवणार आहे, आणि पुण्यातल्या काही उलट्या क्रमाने इकडे आणणार आहे. कागदावर पेन्सिलीने आलटापालटीची तारीख टाकून, म्हणजे निदान या चकत्यांच्या बाबतीत पुढच्या माणसाला विचारत बसावे लागणार नाही.